गाठाळलेली मुळे आणि मातीतील विकरे : सूत्रकृमींच्या नियंत्रणाचा एक सौम्य मार्ग

अंजनगाव सुर्जीच्या परिसरात वाढलेल्या माणसाला पानमळा समजावून सांगावा लागत नाही. शेवरी-पांगाऱ्याच्या आधाराने चढत गेलेली नागवेल, वेलींच्या रांगांमधील दमट सावली, पायाखालची सदैव ओली माती आणि पहाटे पाने खुडणारे हात हे या गावचे जुने चित्र आहे. पानमळ्याच्या जोडीला पानपिंपरी, संत्रा आणि केळी ही पिकेही या तालुक्याची ओळख झाली आहेत. आमच्या विद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरचा संसार याच मळ्यांवर चालला. कोणाच्या घरी मळा होता, तर पुष्कळांच्या घरी केवळ मळ्यातली मजुरी होती. म्हणून या स्मरणिकेसाठी विज्ञानाचा एखादा विषय निवडावयाचा ठरला, तेव्हा मळ्याच्या मातीतलाच विषय घ्यावा, असे आम्हांस वाटले.

हा विषय डोळ्यांना न दिसणाऱ्या एका उपद्रवाचा आहे. भर दुपारी वेल मान टाकतो. माती तर ओली असते. पाने लहान येऊ लागतात, पिवळी पडतात. शेतकऱ्यास वाटते, पाणी कमी पडले, म्हणून तो पाणी वाढवितो. मग वाटते, खत कमी पडले, म्हणून खत वाढवितो. खर्च वाढत जातो आणि वेल खंगत जातो. शेवटी एखादे रोप उपटून पाहिले की उलगडा होतो. मुळे सरळ, पांढरी आणि तंतुमय असावयास हवीत. त्याऐवजी ती माळेत मणी ओवावे तशी जागोजाग फुगलेली, गाठाळलेली दिसतात. या गाठींचा कर्ता म्हणजे सूत्रकृमी.

सूत्रकृमी म्हणजे काय?

सूत्र म्हणजे धागा. धाग्यासारखे लांबट, दोन्ही टोकांकडे निमुळते होत गेलेले, अंगावर खंड नसलेले हे कृमी पृथ्वीवर जवळजवळ सर्वत्र आढळतात. शास्त्रज्ञांनी आजवर त्यांच्या पंचवीस हजारांहून अधिक जातींची नोंद केली आहे. ओंजळभर सुपीक मातीत ते हजारोंच्या संख्येने असू शकतात. मात्र एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. मातीतील बहुसंख्य सूत्रकृमी निरुपद्रवी, किंबहुना उपकारक आहेत. ते जिवाणू आणि बुरशी खातात, कुजणाऱ्या पदार्थातील नत्र मोकळे करतात आणि पिकाला अन्न मिळवून देण्यास हातभार लावतात. पिकांच्या मुळांवर जगणाऱ्या जाती त्या मानाने थोड्या आहेत. परंतु त्या थोड्यांनीच शेतकऱ्यास हैराण केले आहे.

पानवेल, वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी, केळी अशा असंख्य पिकांवर येणारा प्रमुख शत्रू म्हणजे मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी. त्याचे शास्त्रीय नाव मेलॉइडोगायनी. त्याची इन्कॉग्निटा ही जात आपल्या उष्ण प्रदेशात फार पसरलेली आहे, आणि तिला आसरा देणाऱ्या वनस्पतींची संख्या दोन हजारांच्या पुढे जाते. संत्र्याच्या बागेत मात्र वेगळाच शत्रू असतो. टायलेंक्युलस सेमिपेनेट्रान्स या सूत्रकृमीची मादी डोके मुळात खुपसते आणि उरलेले शरीर बाहेर ठेवते. तिच्यामुळे मुळांवर ठळक गाठी येत नाहीत. झाड वर्षानुवर्षे हळूहळू खंगत जाते, शेंड्याकडून वाळू लागते आणि फळे बारीक राहतात. शेतकरी म्हणतो, बाग म्हातारी झाली. पुष्कळदा ती म्हातारी झालेली नसते, आतून पोखरली जात असते.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरही गाठी असतात, परंतु त्या हितकारक आहेत. त्यांतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. ही गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटाने सहज सुटते आणि कापली असता आतून गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे खुद्द मुळाचेच फुगणे होय. ती ओरबाडली तर मूळच तुटते. हा फरक आपल्या मुलांना आणि पालकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शत्रूचे हत्यारही विकरच

मेलॉइडोगायनीचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते, तेव्हा ते साधारण अर्धा मिलिमीटर लांबीचेही नसते. मातीच्या कणांमधील पाण्याच्या पातळ थरातून सरपटत ते कोवळ्या मुळाच्या टोकाशी येते. त्याच्या तोंडात सुईसारखा पोकळ काटा असतो. या काट्याने ते पेशीची भिंत टोचते आणि त्याच वाटेने भिंत विरघळविणारा रस आत सोडते. या रसात सेल्युलोज आणि पेक्टिन यांचे विघटन करणारी विकरे असतात. विकर म्हणजे ज्याला आपण सर्रास एन्झाइम म्हणतो तो पदार्थ.

प्राण्यांच्या शरीरात सेल्युलोज फोडणारे विकर स्वतःहून तयार होत नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते. गाय-म्हैस गवत पचविते तेही पोटातील सूक्ष्मजीवांच्या बळावर. १९९८ साली वनस्पतींवर जगणाऱ्या सूत्रकृमींत मात्र अशा विकरांची त्यांची स्वतःची जनुके सापडली. ही जनुके फार प्राचीन काळी जिवाणूंकडून त्यांच्यात आली असावीत, असे संशोधकांचे मत आहे. म्हणजे ज्या हत्याराने हा शत्रू आपल्या पिकाच्या मुळात शिरतो, ते हत्यार त्याने सूक्ष्मजीवांकडूनच उसने घेतलेले दिसते. मग माणसानेही त्याच्याविरुद्ध सूक्ष्मजीवांचेच साहाय्य घेतले, तर त्यात नवल नाही.

आत शिरलेले पिल्लू एका जागी स्थिर होते, आजूबाजूच्या पेशींना फुगविते आणि त्यांतून अन्न शोषू लागते. मादी नासपतीच्या आकाराची होते आणि चिकट पदार्थाच्या एका पुंजक्यात तीनशे ते पाचशे, कधी त्याहून अधिक अंडी घालते. आपल्याकडील उबदार मातीत हे चक्र सुमारे एक महिन्यात पूर्ण होते. एका हंगामात किती पिढ्या होतात आणि संख्या कोठवर जाते, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करून पाहावा. मळ्यातील सावली, ओलावा आणि वर्षानुवर्षे उभे असणारे तेच पीक या तिन्ही गोष्टी सूत्रकृमीच्या पथ्यावर पडतात.

विषाचा मार्ग आणि त्याची किंमत

विसाव्या शतकाच्या मध्यास या उपद्रवावर रासायनिक विषे निघाली. त्यांतील एकाचा इतिहास प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. डीबीसीपी हे धुरीचे औषध जगभर केळी, अननस आणि द्राक्षांच्या मातीत सोडले जात असे. १९७७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ते तयार करणाऱ्या एका कारखान्यातील कामगारांच्या ध्यानात आले की, आपल्यापैकी अनेकांना मुले होत नाहीत. तपासणीत त्यांच्या वीर्यातील शुक्रजंतू अत्यंत कमी झाल्याचे अथवा नाहीसेच झाल्याचे आढळले. मध्य अमेरिकेच्या केळीबागांतील मजुरांच्या वाट्याला हेच दुर्दैव आले. अमेरिकेने १९७९ मध्ये त्याचा बहुतेक वापर थांबविला. भारतात १९८९ मध्ये त्यावर बंदी आली.

आपल्या बागांत पुढे दाणेदार औषधे आली. फोरेटचा वापर भारतात २०२० च्या अखेरीपासून बंद झाला, आणि कार्बोफ्युरॉनवर २०२३ मध्ये मोठी बंधने घालण्यात आली. ही विषे मज्जातंतूंवर आघात करतात. ती शत्रू-मित्र ओळखत नाहीत. उपद्रवी सूत्रकृमीबरोबर उपकारक सूत्रकृमी आणि गांडूळही मरतात, पाण्यात उतरल्यास मासे मरतात, आणि उघड्या हाताने दाणे टाकणाऱ्या मजुराच्या शरीरातही ती उतरतात.

हा प्रश्न आम्हांस केवळ पुस्तकी वाटत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तेथील औषधे निराळी होती, कीडही निराळी होती. परंतु पंप पाठीवर घेणारा माणूस कोण होता, हे आपण सर्व जाणतो. पीक मालकाचे असते, नफा दुकानदाराचा असतो आणि विष मजुराच्या अंगावर येते. ज्या समाजातील मुले या वसतिगृहात शिकली, त्या समाजाला या प्रश्नाकडे पाठ फिरविता येणार नाही.

विकर म्हणजे काय?

भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिल्यास तो गोड लागू लागतो. लाळेतील विकर पिष्टाचे साखरेत रूपांतर करीत असते. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा तुकडा घालण्याची रीत अनेक घरांत आहे; पपईच्या चिकातील पपेन हे विकर मांसातील प्रथिनांचे धागे तोडते. विकर हे स्वतः एक प्रथिन असून ते एखादी रासायनिक क्रिया कित्येक पटींनी जलद घडवून आणते आणि स्वतः मात्र शिल्लक राहते. त्याचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे त्याची निवड. जशी एक किल्ली एकाच कुलपास लागते, तसे एक विकर विशिष्ट पदार्थावरच चालते. विष आणि विकर यांतील भेद येथेच आहे. विष सरसकट आघात करते, विकर आपले कुलूप शोधते.

आता सूत्रकृमीचे कुलूप कोणते, ते पाहू. त्याच्या अंड्याचे कवच मुख्यतः तीन थरांचे असते. बाहेरचा थर प्रथिनाचा, मधला कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचा आणि आतला स्निग्ध द्रव्याचा. कायटिन म्हणजे खेकड्याची पाठ आणि किड्यांचे कठीण कवच ज्याचे बनलेले असते तो पदार्थ. पिल्लाची आणि प्रौढ कृमीची त्वचा मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाची असते. तेव्हा प्रथिन तोडणारे प्रोटिएज, कायटिन तोडणारे कायटिनेज आणि स्निग्ध पदार्थ फोडणारे लायपेज ही तीन विकरे एकत्र आली, तर अंड्याच्या तिन्ही भिंतींना वाट पडते. विशेष म्हणजे पिकाच्या मुळात कायटिन नसते आणि माणसाच्या अथवा गुराढोरांच्या शरीराची बांधणीही कायटिनची नाही. त्यामुळे कायटिनेजचा पिकास वा आपणांस उपद्रव होण्याचे कारण उरत नाही.

मातीतील सहायक

ही विकरे कारखान्यात घडवावी लागत नाहीत. मातीतील कित्येक बुरशी आणि जिवाणू ती आपल्या पोटासाठी तयार करीतच असतात.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, बटाट्याच्या मुळांवरील सूत्रकृमींच्या अंड्यांत एक जांभळट बुरशी वाढत असल्याचे १९७९ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. तीच पॅसिलोमायसिस लिलॅसिनस. अलीकडे तिचे शास्त्रीय नाव पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम असे झाले असले, तरी आपल्या दुकानांत जुनेच नाव चालते. तिचे तंतू अंड्यांच्या पुंजक्यावर पसरतात, कवचावर घट्ट बसतात, प्रोटिएज आणि कायटिनेज सोडून भोक पाडतात आणि आतील जीव वाढण्यापूर्वीच संपवितात. १९९५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी या बुरशीतून एक प्रोटिएज वेगळे काढले आणि केवळ त्या विकरानेही अंड्यांच्या कवचावर परिणाम होतो, हे दाखवून दिले. या बुरशीवर आधारित खते-औषधे आज भारतातही मिळतात.

पोकोनिया क्लॅमिडोस्पोरिया ही दुसरी बुरशी. तीही अंड्यांवर जगते आणि मुळांच्या पृष्ठभागावर राहू शकते, म्हणून शत्रू जेथे अंडी घालतो तेथेच तिचा पहारा असतो. ट्रायकोडर्मा हे नाव तर आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेच. ते कायटिनेज भरपूर तयार करते. मर आणि मूळकूज आणणाऱ्या पुष्कळ बुरशींच्या भिंतींतही कायटिन असते, त्यामुळे त्याचा दुहेरी उपयोग होतो. सूत्रकृमीने मुळास केलेल्या जखमांतूनच मर रोग पुष्कळदा शिरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या दुहेरी उपयोगाचे मोल कळते. जिवाणूंपैकी बॅसिलस फर्मस याचे प्रोटिएज सूत्रकृमीची त्वचा आणि आतड्यातील पेशींचे सांधे यांवर चालते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. परदेशात बियाण्यावर त्याचा लेप देण्याची पद्धत रूढ झाली आहे.

सर्वांत विस्मयकारक आहे ती आर्थ्रोबॉट्रिस ऑलिगोस्पोरा ही बुरशी. ती आपल्या चिकट तंतूंची जाळी विणते. जवळून जाणारा सूत्रकृमी जाळ्यास चिकटतो. बुरशी प्रोटिएजच्या साहाय्याने त्याची त्वचा भेदते आणि आत शिरून त्याला पचविते. जर्मन शास्त्रज्ञ झोप्फ यांनी हा व्यवहार १८८८ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदविला. आपल्या पायाखालच्या मुठभर मातीत असा व्यवहार अहोरात्र चालू असतो, ही जाणीवच माणसाला नम्र करणारी आहे.

केवळ विकर का ओतू नये?

येथे एखादा हुशार विद्यार्थी विचारील, मग शुद्ध विकरच बाटलीत भरून मळ्यात का सोडू नये? प्रश्न रास्त आहे. विकर स्वतः प्रथिन असल्याने मातीतील इतर सूक्ष्मजीव त्यालाच खाऊन टाकतात. उन्हाने आणि आम्लतेच्या फरकाने ते निकामी होते. शिवाय वऱ्हाडच्या काळ्या मातीतील चिकण कण प्रथिनांना स्वतःकडे घट्ट ओढून धरतात, त्यामुळे विकराचा मोठा भाग शत्रूपर्यंत पोहोचतच नाही. खर्चाचा प्रश्न तर वेगळाच. म्हणून विकरापेक्षा विकर बनविणारा जीव मातीत वसविणे शहाणपणाचे ठरते. तो अंड्याशी जाऊन भिडतो आणि नेमक्या त्याच जागी विकर सोडतो.

मात्र जिवंत सहायकाला अन्न, ओलावा आणि सावली लागते. तो विषासारखा चार दिवसांत परिणाम दाखवीत नाही. काही आठवडे वाट पाहावी लागते. मुळाच्या आत शिरून बसलेल्या मादीपर्यंत तो सहसा पोहोचत नाही, पुढच्या पिढीची अंडी मात्र कमी करतो. सूत्रकृमींचा बीमोड होत नाही. त्यांची संख्या पिकाला सोसेल इतकी खाली येते. उपद्रव हाताबाहेर गेलेल्या मळ्यात एकटी बुरशी फारसे करू शकत नाही. ही मर्यादा झाकून ठेवणारा विक्रेता शेतकऱ्याचा हितचिंतक नव्हे.

मळ्यात काय करावे?

पहिली गोष्ट निदानाची. मुळांच्या परिसरातून पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीची माती चार-पाच ठिकाणांहून घ्यावी, तिच्यासोबत थोडी बारीक मुळे घ्यावीत आणि सारे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सावलीत ठेवावे. नमुना उन्हात वाळला तर सूत्रकृमी मरतात आणि तपासणी व्यर्थ जाते. असा नमुना कृषी विज्ञान केंद्रात अथवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखवून सल्ला घ्यावा. हे विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले आणि आपल्याच अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी जन्मलेल्या भाऊसाहेबांचे नाव त्याला लाभले आहे. त्याचे दार शेतकऱ्याच्या मुलासाठीच उघडे आहे, याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट शेणखताची. चांगल्या कुजलेल्या एक टन शेणखतात पॅसिलोमायसिस, ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास यांची प्रत्येकी दोन किलो भुकटी मिसळून, पंधरा दिवस सावलीत झाकून, ओलसर ठेवून आणि आठवड्यास एकदा खालीवर करून मग ते खत मुळांपाशी द्यावे, अशी पद्धत सूचविली जाते. त्या पंधरवड्यात बुरशी खतावर वाढते आणि मातीत पोहोचते ती संख्येने बळकट होऊनच. निंबोळी पेंड मिसळल्यास अधिक लाभ होतो. पुड्यावरील अंतिम तारीख, सजीव बीजाणूंची संख्या आणि प्रमाण वाचल्याशिवाय माल घेऊ नये. उन्हात तापत पडलेल्या पुड्यातील बुरशी मेलेली असते आणि शेतकरी केवळ भुकटीचे पैसे मोजतो. रासायनिक बुरशीनाशक त्याच सुमारास मुळांशी ओतू नये, कारण ते आपल्या सहायकालाच मारते.

ही बुरशी सौम्य असली तरी हाताळताना तोंडाला फडके आणि हातांत मोजे असावेत. क्वचित तिचा डोळ्यास संसर्ग झाल्याची आणि ज्यांची प्रतिकारशक्ती फार क्षीण आहे अशा रुग्णांस त्रास झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. सौम्य म्हणजे निष्काळजीपणास मोकळीक, असा अर्थ कोणी घेऊ नये.

तिसरी गोष्ट प्रतिबंधाची. सूत्रकृमी स्वतः वर्षाकाठी फार दूर जात नाही; त्याला दूर नेतो तो माणूस. रोगट रोपे, बेणे, कुदळीला चिकटलेली माती आणि एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात वाहणारे पाणी ही त्याची वाहने आहेत. रोपे निरोगी घ्यावीत आणि अवजारे धुऊन ठेवावीत. रोपवाटिकेची माती ऐन उन्हाळ्यात ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे झाकावी, म्हणजे आपले वऱ्हाडी ऊनच निम्मे काम करील. भाजीपाल्याच्या वाफ्यांत अधूनमधून झेंडू घ्यावा. त्याच्या मुळांतील द्रव्य या सूत्रकृमीस मानवत नाही. याच तालुक्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावोगावी जी स्वच्छता शिकविली, ती मळ्याच्या बांधावरही तितकीच उपयोगी आहे.

गोठ्यात आणि वसतिगृहात

सूत्रकृमींचा एक गट प्राण्यांच्या पोटात राहतो. शेळ्या-मेंढ्यांच्या जठरात रक्त शोषणारा हिमॉन्कस हा त्यांपैकीच एक. जंतांची तीच ती औषधे वारंवार दिल्याने ती निष्प्रभ होऊ लागली आहेत. यावर डडिंगटोनिया फ्लॅग्रान्स या जाळे विणणाऱ्या बुरशीचे बीजाणू खाद्यातून देण्याचा उपाय निघाला असून ऑस्ट्रेलियात त्याचे उत्पादन बाजारात आहे. हे बीजाणू जनावराच्या पोटातून तसेच बाहेर पडतात, शेणात-लेंड्यांत रुजतात आणि तेथे वाढणाऱ्या जंतांच्या पिल्लांना पकडतात. पोटातील जंतांवर त्यांचा परिणाम होत नाही; चराईचे रान मात्र स्वच्छ राहते.

मुलांच्या पोटातील जंत आणि अंकुशकृमी हेही सूत्रकृमीच होत. येथे मात्र पालकांनी कोणत्याही घरगुती विकराच्या नादी लागू नये. पपईच्या चिकातील विकरे सूत्रकृमीची त्वचा पचवितात, असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु तो मुलांना द्यावयाचा उपचार नव्हे. त्यासाठी अल्बेंडाझोलची परीक्षित गोळी आहे. २०१५ पासून पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या सुमारास, ती १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांतून विनामूल्य दिली जाते. पायात चप्पल, जेवणापूर्वी साबणाने हात आणि शौचालयाचा वापर ही तिची सोबतीण पथ्ये. अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि रक्त शोषून मुलाला फिकट व सुस्त करतो. वर्गात डुलक्या घेणारे मूल आळशी नसून रक्तक्षयी असू शकते, हे आम्हां शिक्षकांनी प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

पहिल्या शीलाचा प्रश्न

आता ज्या संस्थेच्या स्मरणिकेत हा लेख येत आहे, तिला शोभणारा प्रश्न. आपण रोज सकाळी वंदनेत पंचशील ग्रहण करतो. त्यातील पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे आहे. मग मुळांतील कृमी मारण्याचे उपाय आपण मुलांना कसे शिकवावेत? हा प्रश्न वर्गातील मुलेच विचारतात आणि त्याला हसून बाजूस सारणे योग्य नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करावयास लावते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी स्पष्ट केले. ज्याच्या घरचे अन्न त्या वेलावर अवलंबून आहे, त्याची गरज खरी आहे. परंतु गरज मान्य केली म्हणजे प्रश्न संपत नाही. गरजेपुरते किती, कोणाला आणि कोणत्या मार्गाने, हे तत्त्व पुढे विचारीतच राहते.

या कसोटीवर दोन मार्गांची तुलना आम्हांस उद्बोधक वाटते. एका मार्गात शत्रू, मित्र, गांडूळ, विहिरीचे पाणी आणि मजूर यांपैकी कोणाचीच गय नाही. दुसऱ्या मार्गात मातीत आधीच चालू असलेल्या व्यवहारातील एका पक्षाला आपण थोडे अन्न आणि थोडी सावली पुरवितो, आणि उपद्रव सोसेल इतका खाली येताच थांबतो. दुसऱ्या मार्गातही जीव मरतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तेथे द्वेष नाही, सरसकट संहार नाही आणि दुसऱ्याच्या कष्टकरी शरीरावर आपल्या नफ्याचा भार टाकणे नाही. सम्यक आजीविका म्हणजे काय, याचे उत्तर शेतकऱ्याने शोधावयाचे झाल्यास ते असल्याच निवडीत सापडेल, असे आम्हांस वाटते.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज कृषी खात्यात आहेत, कोणी औषधांच्या दुकानात, कोणी प्रयोगशाळेत, तर पुष्कळ जण स्वतःच्या अथवा दुसऱ्याच्या मळ्यात. आमची त्यांस एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी एखादा वेल दुपारी मान टाकताना दिसला, तर पाण्याचा पाट उघडण्यापूर्वी अथवा विषाची पिशवी फोडण्यापूर्वी एक रोप हलक्या हाताने उपटावे, मुळे पाण्यात धुवावीत आणि डोळ्यांनी पाहावे. शेजारी एखादे शाळकरी मूल असेल तर त्यालाही दाखवावे. स्वतः येऊन पाहावे, पारखावे आणि मगच स्वीकारावे, हीच तथागतांची शिकवण. आणि विज्ञानाचा पहिला धडाही तोच.